पेनीवरचा दुहेरी पाच

चि. रेवतीस,


१९५५च्या अमेरिकन पेनीचा निकाल आधी सांगून टाकतो, कारण तुझा जीव तिच्यातच अडकलाय हे फोनवरच्या आवाजावरून कळलं. शेवटचा पाच दुहेरी दिसतो, हे खरं. पण ज्या १९५५च्या पेनीसाठी लोक हजारो डॉलर मोजतात, ती ही नाही. ही झिजलेल्या डायची, म्हणजे ठसा उमटवणाऱ्या पोलादी साच्याची, पेनी आहे. तिकडचे संग्राहक तिला ‘गरिबाची डबल डाय’ म्हणतात आणि ती किरकोळ पैशांत मिळते.

पण म्हणून ती परत बरणीत टाकू नकोस. शेजारच्या आजींनी बरणीभर जुन्या पेन्या तुझ्या हवाली केल्या आणि तू त्या सालवार लावून फोटो काढून पाठवलेस, हे मला फार आवडलं. मी नाणेतज्ज्ञ नाही. पण आयुष्यभर भोसरीच्या टूलरूममध्ये डाय बनवल्या आणि त्या दुरुस्तही केल्या. आमच्या डायमधून स्कूटरचे पत्र्याचे पार्ट निघायचे. पोलाद मात्र पोलादच असतं, आणि लाखभर ठोके खाल्ल्यावर ते कसं दिसतं हे माझ्या बोटांना माहीत आहे. म्हणूनच तर या छंदाकडे वळलो. लिंकनचा चेहरा असलेल्या या पेनीकडे जितकं बारीक लक्ष लोकांनी दिलंय तितकं फार थोड्या नाण्यांकडे दिलं असेल.

विचित्र नाणं हातात आलं की एकच प्रश्न धरून बसायचं: हे कधी झालं? डाय घडवताना, नाणं पाडताना, की टांकसाळीतून बाहेर पडल्यावर? किंमत, दुर्मीळपणा, यूट्यूबवरचे लाल बाण, सगळं नंतर. त्या उत्तरातच बहुतेक नाण्यांचा निकाल लागतो.

आधी डाय कशी जन्माला येते ते बघ. मूळ शिल्प मोठ्या आकारात करतात. यंत्राने ते लहान करत करत पोलादाच्या एका तुकड्यावर उमटवतात. त्या तुकड्याला हब म्हणतात. हबवर लिंकनचं डोकं नाण्यावर असतं तसंच उठावदार असतं. हा हब नरम पोलादात प्रचंड दाबाने रुतवला की तिथे उलटा, खोलगट ठसा उमटतो. ती झाली डाय. पण पोलाद दाबलं की कडक होतं आणि एका दाबात ठसा पुरता उतरत नाही. म्हणून ते भट्टीत तापवून पुन्हा नरम करायचं, पुन्हा हबखाली नेमक्या त्याच जागी बसवायचं आणि पुन्हा दाब द्यायचा. अमेरिकेत १९९०च्या दशकापर्यंत हे असंच चाललं होतं. ‘नेमक्या त्याच जागी’ हे शब्द लिहायला सोपे आहेत, पण टूलरूममध्ये तिथेच घाम फुटतो. दुसऱ्या खेपेला डाय केसभर फिरली, तर पहिल्या ठशाशेजारी दुसरा ठसा उमटतो. पोस्टातला रबरी शिक्का दुसऱ्यांदा मारताना हात हलला तर जे होतं तेच. फरक एवढाच, की इथे ते पोलादात कायमचं कोरलं जातं आणि त्या डायने पाडलेल्या प्रत्येक नाण्यावर हुबेहूब तस्संच उतरतं.

१९५५ साली फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत अशी एक डाय, म्हणजे ‘डबल डाय’, प्रेसवर चढली. तिने चाळीसेक हजार नाणी पाडली तेव्हा कुठे तपासनिसाच्या लक्षात आलं. तोवर त्यातली निम्म्याहून अधिक नाणी इतर लाखो नाण्यांच्या ढिगात मिसळून गेली होती. सगळा ढीग वितळवायचा की जाऊ द्यायचा? जाऊ दिला. ती नाणी पुढे न्यू यॉर्कच्या उत्तर भागात आणि मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिमेला सापडू लागली, तीही सिगारेटच्या पाकिटांसोबत. तेव्हा यंत्रातून मिळणारं पाकीट तेवीस सेंटांना होतं, यंत्रात मात्र पंचवीस सेंटांचं नाणं टाकावं लागे. म्हणून दोन पेन्या सुटे पैसे म्हणून पाकिटाच्या कागदाखालीच घालून ठेवत. मला हा तपशील फार मोलाचा वाटतो. टांकसाळीतली एका पाळीची चूक कुठल्या वाटेने कुणाच्या खिशात गेली, हे इतकं नेमकं क्वचितच कळतं.

त्या नाण्यावर लिबर्टी हा शब्द, वरचं देवावरच्या विश्वासाचं वाक्य आणि साल, सगळं ठळक दुहेरी आहे. भिंगाची गरजच नाही. हातभर अंतरावरूनही साल डोळ्यांना नीट लागत नाही, दोन सालं एकमेकांवर सरकल्यासारखी दिसतात. मागची बाजू मात्र अगदी स्वच्छ, कारण मागची डाय वेगळी असते. खोटी नाणीही भरपूर झाली आहेत. त्यामुळे जाणकार मागच्या बाजूला ‘सेंट’ शब्दातल्या शेवटच्या टी अक्षराच्या डावीकडे डाय घासताना राहिलेल्या बारीक रेषा शोधतात. त्या डायवर होत्या, म्हणून खऱ्या नाण्यावर असायलाच हव्यात.

आता तुझी पेनी घे. लिबर्टी शब्द एकेरी आहे. वाक्य एकेरी आहे. सालातले एक, नऊ आणि पहिला पाच ठीक आहेत. फक्त शेवटच्या पाचाशेजारी एक पुसट सावली. हब फिरला असता तर तो त्या एका आकड्यापुरता फिरला नसता. मग ही सावली आली कुठून?

प्रत्येक ठोक्याला तांब्याची चकती डायमध्ये पसरते आणि धातू मधून कडेकडे सरकतो. एका ठोक्याने काही होत नाही. लाखो ठोक्यांनंतर सरकणारा धातू डायचं पोलाद थोडं थोडं ओरबाडून नेतो. कडेजवळच्या अक्षरांच्या आणि आकड्यांच्या धारा आधी जातात. अक्षरं जाड होतात, कडेच्या दिशेने ओघळल्यासारखी दिसतात. आकड्याच्या बाजूला जास्तीची जागा खरवडली जाते आणि नाण्यावर तिथे सावली उठते. मोकळी पाटी बघ, म्हणजे जिथे काही कोरलेलं नाही तो सपाट भाग. नव्या डायच्या नाण्यावर ती आरशासारखी गुळगुळीत असते. तुझ्या पेनीवर तिथे बारीक खडबडीतपणा आहे, आणि दिवा तिरका धरलास तर मधून कडेकडे जाणाऱ्या रेषा दिसतील. या रेषा आणि पाचाची सावली ही एकाच झिजेची दोन रूपं आहेत. त्या वर्षी अशा पुष्कळ डाय झिजेपर्यंत वापरल्या गेल्या, म्हणून अशी नाणीही पुष्कळ.

मला विचारशील तर या झिजेला कमी लेखणं मला पटत नाही. हबची चूक एका क्षणात होते. झीज मात्र हळूहळू वाढते, आणि एकाच डायची वेगवेगळ्या वेळची नाणी मिळाली तर ती ओळीने लावता येतात. आधी धार, मग थोडा गोलसरपणा, मग सावली. आमच्याकडे पार्ट हातात घेऊन जुना सेटर सांगायचा, ही डाय आता दोन पाळ्या चालेल, मग उतरवावी लागेल. तीच नजर इथे चालते. बाजार या नाण्याला किंमत देत नसेल, पण डायचं आयुष्य कसं सरतं ते या पेनीत जितकं वाचता येतं तितकं त्या प्रसिद्ध नाण्यात येत नाही.

१९६९च्या पेनीचा प्रश्न वेगळा आहे. तिच्यावर एस आहे, म्हणजे ती सॅन फ्रान्सिस्कोची. आपल्या नाण्यांवर सालाखाली छोटा हिरा असला तर ते मुंबईचं, चांदणी असली तर हैदराबादचं, गोल ठिपका असला तर नोएडाचं, आणि काहीच नसलं तर कोलकात्याचं. तसंच तिकडे डी म्हणजे डेन्व्हर, आणि जुन्या पेनीवर अक्षरच नसलं तर फिलाडेल्फिया. १९६९च्या एसचीही एक खरी डबल डाय आहे आणि ती फार महाग आहे, म्हणून तुझ्या मैत्रिणीने तुला उचकवलं असेल. पण तुझ्या नाण्यावर साल दुहेरी आहे आणि त्याच्याबरोबर एससुद्धा दुहेरी आहे. इथेच गाडं अडतं. त्या काळी टांकसाळीचं अक्षर हबवर नसायचं. डाय तयार झाल्यावर कारागीर ते छोट्या पंचने हाताने ठोकून बसवायचा. मग हब फिरल्यामुळे अक्षर दुहेरी कसं होईल? खऱ्या नाण्यावर साल आणि शब्द दुहेरी असतात, एस एकेरी असतो.

तुझ्या नाण्यावर जे दिसतं ते प्रेसमध्ये झालंय. डाय सैल बसली होती. ठोका पडल्यावर ती वर उचलली जाताना किंचित सरकली आणि नुकत्याच उठलेल्या आकड्यांची कड तिने दाबून सपाट केली. भिंगातून बघ: दुसरा ठसा पायरीसारखा चपटा आणि चकचकीत आहे, आकड्याच्याच अंगातून कापून काढल्यासारखा. हबच्या दुहेरीत दुसरा ठसा गोलाईचा आणि भरीव असतो, अक्षर उलट जाड होतं, आणि अक्षराच्या टोकांना खाच पडून ती दुभंगलेली दिसतात. एकदा दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंस की पुन्हा गफलत व्हायची नाही. इंटरनेटवर ‘दुर्मीळ’ म्हणून विकायला काढलेली कितीतरी नाणी या सैल डायचीच असतात, आणि लोक घेतात याचं मला वाईट वाटतं.

१९८२ नंतरच्या नाण्यांबद्दल थोडक्यात. त्या वर्षी टांकसाळीने ९५ टक्के तांब्याची पेनी सोडून तांब्याचा पातळ मुलामा दिलेली जस्ताची पेनी सुरू केली. जुनीचं वजन ३.११ ग्रॅम, नवीचं २.५. नवीवर अक्षराच्या कडेला मुलामा फाटतो, आतलं जस्त रेघेसारखं दिसतं आणि लोक त्यालाही डबल डाय म्हणतात. खालून फुगेही येतात. तो सगळा ढीग सध्या बाजूला ठेव.

लिबर्टीमधल्या बी आणि ई यांच्यामध्ये उभा खांब दिसणारी पेनी तू ‘जास्तीचा आय’ म्हणून वेगळी काढलीस, ते बरोबर केलंस. या दोन अक्षरांमधली पोलादाची भिंत अगदी अरुंद असते. तिचा कपचा उडाला की तिथे खड्डा होतो आणि नाण्यावर तोच खड्डा उंचवटा होऊन येतो. डायवर जे खोल, ते नाण्यावर उठून दिसतं, एवढं ध्यानात ठेवलंस की निम्मी कोडी सुटतात. नाण्यावर उठलेली वेडीवाकडी रेघ म्हणजे डायला गेलेली चीर. कडेला अक्षरांवर चढलेला बिनआकाराचा गोळा म्हणजे डायचा तुकडाच निखळून पडलेला. आणि रेघ नाण्यात खाली गेलेली असेल तर तो नंतरचा ओरखडा. बी-ई मधल्या कपच्यांची नाणी १९५०च्या दशकात सर्रास सापडतात. किंमत फार नाही. गोळा करायला मात्र मजा आहे, कारण दर डायचा कपचा वेगळ्या आकाराचा.

माझा सगळ्यात आवडता प्रकार तुझ्या बरणीतही आहे: कडेला चंद्रकोरीसारखा तुकडा नसलेली १९४४ची पेनी. तू लिहिलंस की कुणीतरी कानशीने घासली असेल. नाही. चकत्या पट्टीतून पंच करून काढतात. पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, फीड चुकला, तर पुढचा पंच आधीच्या भोकावर चढतो आणि चकतीचा घास जातो. हे आमच्याकडेही रोज व्हायचं. पण खात्री कशी करायची? त्या घासाच्या बरोबर समोरची कड बघ. छापण्याआधी चकती दोन बाजूंनी दाबून फिरवत तिची कड उचलतात. एका बाजूला धातूच नसेल तर समोरच्या बाजूला दाब बसत नाही आणि तिथली कड नीट उठत नाही. तुझ्या फोटोत समोरची कड पुसट आहे, जवळजवळ विरघळलेली. कानशीने घासणाऱ्याला समोरची कड नाहीशी करायचं सुचत नाही. हे नाणं खरं आहे.

कडा जाड होऊन आत वळलेली, आकाराने लहान झालेली तुझी पेनी मात्र टांकसाळीची चूक नव्हे. कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून महिनोन्‌महिने गरगरलेलं नाणं असंच होतं. तुमच्याकडे ती यंत्रं घरोघर, म्हणून अशी नाणीही फार. ती नंतरची इजा आहे. फेकू नकोस, पण वेगळ्या पाकिटात टाक.

१९४३ची करडी पेनी पाहून दचकू नकोस. युद्धात तांबं हवं होतं म्हणून त्या वर्षी जस्त चढवलेल्या पोलादाच्या पेन्या पाडल्या, शंभर कोटींहून जास्त. दुर्मीळ ती, जी चुकून तांब्याची निघाली, आदल्या वर्षाच्या उरलेल्या चकत्यांवर. तशी एक १९४७ मध्ये पिट्सफील्ड गावच्या एका शाळकरी मुलाला शाळेच्या उपाहारगृहातल्या सुट्ट्या पैशांत मिळाली होती. ती २०१९ मध्ये दोन लाख चार हजार डॉलरना विकली गेली. म्हणून लोक पोलादाच्या पेनीवर तांबं चढवतात, किंवा १९४८च्या आठाचा डावा भाग खरवडून तीन करतात. लोहचुंबक लाव. चिकटली तर पोलाद. नाही चिकटली तर तिनाचा आकार भिंगातून बघ, आणि वजन कर.

बघायची रीत फार साधी आहे. दहा पटींचं भिंग. एकच दिवा, बाजूने तिरका, आणि खोलीतले बाकीचे बंद. एक शतांश ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. नाणं कडेने धरायचं. आणि एक विनवणी: धुऊ नकोस. तुझी आई दिवाळीला तांब्याची भांडी चिंचेने लख्ख करते, तुला हात शिवशिवतील. तांब्यावरचा तो तपकिरी थर काढलास तर झिजेच्या रेषा, पाटीवरची चमक, सगळं जातं, आणि खरं नाणंही जाणकार बाजूला सारतो.

१२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियात चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. एक पेनी पाडायला साडेतीन सेंटांहून जास्त खर्च येत होता, म्हणून. तेव्हापासून घरोघरच्या बरण्या उघडल्या जातायत आणि साध्या नाण्यांवर वाटेल ते भाव लिहिले जातायत. तू विकत काही घेऊ नकोस. बरणीत आहे तेच आधी वाच. घेतलंसच तर डायची ओळख पटवून दिलेलं घे, कारण खरी डबल डाय ही एका ठरावीक डायचीच असते, तिचे फोटो प्रसिद्ध आहेत आणि तुझं नाणं रेघेरेघेला जुळलं पाहिजे.

आता राहिली १९२२ची. तिच्यावर डी नाही, आणि तू ते एका ओळीत लिहून पुढे गेलीस! त्या वर्षी टांकसाळींवर चांदीच्या डॉलरचं काम पडलं होतं आणि पेन्या फक्त डेन्व्हरने पाडल्या. म्हणजे १९२२च्या प्रत्येक पेनीवर डी असायला हवा. काही डाय इतक्या वापरल्या गेल्या, त्यांच्यात वंगण आणि मळ इतका भरला, की डी पुसट होत गेला. एका जोडीचं वेगळंच झालं. मधे चकती नसताना दोन्ही डाय एकमेकींवर आदळल्या, त्यांचे डाग उतरवायला दर्शनी डाय घासली, आणि घासताना डीच गेला. त्या डायसमोर मग नवी कोरी मागची डाय बसवली. म्हणून त्या नाण्याचा चेहरा थकलेला आणि पाठ धारदार. १९२२ची किंमत मिळते ती मुख्यतः या जोडीला. झीज आणि चूक यांच्यात मी वर जी रेघ ओढली ती इथे ठिकाणावर राहत नाही. झिजलेल्या डायचं नाणं असूनही बाजाराने याला डोक्यावर घेतलंय, आणि मला ते योग्य वाटतं.

तुझ्या फोटोत सालातला दुसरा दोन पहिल्यापेक्षा ठसठशीत आहे, आणि वाक्यातला शेवटचा शब्द बाकीच्यांहून स्वच्छ उठलाय. दोन्ही खुणा त्या जोडीच्या आहेत. डी असायची जागा भिंगाखाली बघ. तिथे धातू खरवडल्याच्या रेषा असतील तर कुणीतरी साध्या १९२२च्या डीला खोडलंय. पाटी सलग असेल तर नाणं उलटं कर आणि दोन्ही गव्हाच्या ओंब्यांवरच्या रेघा मोज. डावीकडच्या ओंबीच्या रेघा तळापर्यंत धारदार दिसल्या तर नाणं पाकिटात घाल, कुणाला विकायची बोलणी करू नकोस आणि तिकडच्या मान्यताप्राप्त तपासणी संस्थेकडेच पाठव. मागच्या बाजूचा फोटो मला आजच हवा, दिवा डावीकडून धरून.

तुझा,
मामा